फिलिपिन्स : १२ रात्री, आई आणि नऊ वर्षांचा मुलगा. किती बेटं झेपतील?

रानजाई

नमस्कार मंडळी,

गेले दोन महिने रोज रात्री नकाशा उघडून बसते आणि रोज एक बेट वाढतं. आता तुम्हीच हात धरा.

आम्ही तिघं जाणार. मी, माझा नऊ वर्षांचा मुलगा आणि आई. आई ६६ वर्षांची आहे. चालण्या-फिरण्यात ठणठणीत, पण उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे उंच पायरी आणि उड्या बंद. लहानपणी विहिरीत पोहायला शिकली, अजूनही छान पोहते. मात्र तिला गाडी लागते, म्हणजे बोटही लागणारच. आणि ती पूर्ण शाकाहारी आहे, अंडंसुद्धा नाही.

या सहलीचं कारणही तीच आहे. टीव्हीवर समुद्रकासव पोहताना पाहिलं आणि म्हणाली, "हे मला पाण्यात उतरून बघायचंय." आयुष्यात तिने स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नाही. त्यामुळे बाकी काही झालं नाही तरी चालेल, पण कासव दिसलं पाहिजे.

सध्याचा बेत असा: मनिला १ रात्र, कोरोन २, एल निडो ३, सेबू १, बोहोल २, सियारगाव ३. एकूण १२ रात्री. तारखा १७ डिसेंबरपासून पुढे, मुलाच्या सुट्टीत. नाहीतर शाळा बुडवून फेब्रुवारीअखेर जायचं.

प्रश्न:
बोटींची तिकिटं आधी काढून ठेवायची का? हा क्रम बरोबर आहे का? आईच्या जेवणाचं काय? आणि डिसेंबर की फेब्रुवारी?

---

वाटसरू

मनिला पहिली कापा. परदेशातून थेट सेबूला उतरता येतं. विमानतळ मकतान बेटावर आहे आणि तिथून पुलावरून सेबू शहरात जाता येतं. मनिलात उतरलात तर बाहेर पडणं, शहरात राहणं, परत विमानतळ, यात एक अख्खा दिवस जातो आणि तिथे कासवही नाही.

तुमच्या बेतात सहा मुक्काम आहेत, म्हणजे पाच वेळा बोचकी बांधायची. दर वेळी निम्मा दिवस धरा. बारापैकी अडीच दिवस सामान ओढण्यात गेले.

व्हिसाचं: जून २०२५ पासून भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी १४ दिवस व्हिसाशिवाय राहता येतं. परतीचं तिकीट आणि राहण्याचं बुकिंग जवळ ठेवा. पोहोचण्याआधीच्या ७२ तासांत ई-ट्रॅव्हलची, म्हणजे देशात शिरताना लागणाऱ्या सरकारी फॉर्मची, नोंदणी ऑनलाइन करायची, ती फुकट आहे. त्याचे पैसे मागणाऱ्या साइट्सच्या नादी लागू नका.

---

डेकखालचा

रानजाई ताई, मी २२ वर्षं मर्चंट नेव्हीत इंजिनियर होतो. इंजिनरूममधले माझे निम्मे सोबती फिलिपिनो. फिटर सेबूचा, ऑइलर बोहोलचा, कुक दुमागेतेचा. त्यांच्या घरी म्हणून पहिल्यांदा गेलो आणि मग जातच राहिलो. त्यामुळे जरा लांबेल, पण वाचा.

बेटं मोजू नका, समुद्र किती वेळा ओलांडायचा ते मोजा. सरकारी मोजणीप्रमाणे या देशात ७,६४१ बेटं आहेत. त्यातलं कुठलंही नकाशावर शेजारी दिसतं, पण मधलं पाणी कसं आहे, कुठल्या महिन्यात वारा कुठून येतो आणि दिवसाला बोटी किती, यावर सगळं ठरतं. कोरोन ते एल निडो ही जलद बोटीनेसुद्धा साधारण चार तासांची खुल्या पाण्यातली वाट आहे. आईंना बोट लागते म्हणता, तर ते चार तास त्यांच्यासाठी फार होतील. सियारगाव पॅसिफिकच्या तोंडावर आहे. तिथे लाटांवर स्वार व्हायला जगभरातून लोक येतात, म्हणजे पाणी कसं असेल बघा. शिवाय डिसेंबर-जानेवारीत तिथे पावसाची झोड असते.

म्हणून पलावान, म्हणजे तुमचे कोरोन आणि एल निडो, आणि सियारगाव दोन्ही या वेळी सोडा. मधल्या विसाया भागातच राहा. मी असा क्रम लावीन:

सेबू १ रात्र, बोहोल (पांगलाओ) ३, सिकिहोर ३, नेग्रोस बेटावर दुमागेते शहराजवळ दाउइन ३, शेवटी परत सेबू २.

आता यामागचा हिशेब सांगतो. सेबू ते तागबिलारान, म्हणजे बोहोलचं बंदर, जलद बोटीने दोन तास. तिथून सिकिहोरही साधारण तेवढंच, पण बोट दिवसाला एखादी. सिकिहोर ते दुमागेते तासभर, बोटी बऱ्याच. आणि शेवटचं ओलांडणं दुमागेतेशेजारच्या सिबुलानहून सेबू बेटाच्या दक्षिण टोकाला लिलोआनला. अर्ध्या तासाचं पाणी, दिवसभर फेऱ्या. पुढे बसने सेबू शहर. म्हणजे परतीची तारीख जवळ येत जाते तसतसं पाणी लहान होत जातं आणि बोटी वाढत जातात. उलट्या क्रमाने केलंत तर शेवटच्या दिवशी दोन तासांच्या बोटीवर सगळी भिस्त राहील. दुमागेतेला विमानतळही आहे, ही आणखी एक सोय.

हे मी ठेच लागून शिकलो. एका डिसेंबरात सिकिहोरहून सकाळची बोट, दुपारी सेबूचं विमान, रात्री परतीचं विमान असं शिंप्याने माप घ्यावं तसं आखलं होतं. सकाळी बंदरावर पोहोचलो. आभाळ निळं, ऊन पडलेलं. खिडकीवर वहीचा कागद चिकटवलेला, त्यावर मार्करने लिहिलं होतं "नो ट्रिप". दूर कुठेतरी वादळ होतं, इथे वाऱ्याचा इशारा लागला होता आणि कोस्ट गार्डने बोटी थांबवल्या होत्या. मी चिडलो, भांडलोसुद्धा. समुद्र तर शांत दिसतोय, म्हणालो. खिडकीमागच्या बाईंनी शांतपणे बाहेर धक्क्याच्या टोकाकडे बोट दाखवलं. आडोशातलं पाणी सपाट होतं, पण टोकापलीकडे पांढरे घोडे, म्हणजे फेसाळ लाटा, उठलेले दिसत होते. इतकी वर्षं समुद्रावर काढून मी आडोशातलं पाणी बघून बोलत होतो. दोन दिवस तिथेच राहिलो. दोन्ही विमानं गेली, पैसे गेले.

ते भांडण मला आजही बोचतं, त्याचं कारण सांगतो. २० डिसेंबर १९८७ ला, ख्रिसमसला घरी निघालेल्या माणसांनी खच्चून भरलेली 'दोन्या पाझ' ही फेरी एका तेलवाहू जहाजावर आदळली. चार हजारांहून जास्त माणसं गेली. शांततेच्या काळातली समुद्रावरची ती सगळ्यात मोठी दुर्घटना. यादीत नावं होती त्याच्या कितीतरी पट माणसं बोटीत होती. आमचा फिटर तेव्हा शाळेत होता. त्याच्या गल्लीतलं एक कुटुंब त्या बोटीवर होतं, एवढंच त्याने एकदा इंजिनरूममध्ये सांगितलं आणि पुन्हा कधी विषय काढला नाही. आज बंदरावर तुमचं नाव, वय, पत्ता लिहून घेतात, त्यात चालढकल करू नका. मुलाचंही नाव नीट लिहा. बोट थांबवली तर थांबवणाऱ्याचे आभार माना. आणि कुणी खासगी बोटवाला "मी नेतो, काही होत नाही" म्हणाला, तरी बसू नका.

यातून दोन गोष्टी निघतात. शेवटच्या दोन रात्री विमानतळ ज्या बेटावर आहे तिथेच काढायच्या, यात तडजोड नाही. आणि १४ दिवसांच्या मुदतीत १२ रात्रींचा बेत आहे तो तसाच ठेवा. मोह झाला तरी तेरावी-चौदावी रात्र जोडू नका. अडकलात तर तेवढाच श्वास घ्यायला वाव आहे.

महिना: फेब्रुवारीअखेर. डोळे झाकून. १६ डिसेंबर २०२१ ला ओडेट वादळ सियारगावला धडकून बोहोल-सेबूवरून गेलं, तेव्हा घरांची छपरं आणि वीज दोन्ही गेली. म्हणजे डिसेंबर सुरक्षित असं म्हणता येत नाही. त्यात ख्रिसमसला सगळा देश घरी जायला निघतो, बोटीत पाय ठेवायला जागा नसते. फेब्रुवारीत ईशान्येचा वारा असतो, त्याला तिकडे अमिहान म्हणतात. तो बोचरा नसतो पण पाणी हलवतो. मार्चकडे तो मावळत जातो. फक्त पवित्र आठवडा, म्हणजे ईस्टरच्या आधीचे दिवस, टाळा. गुरुवार-शुक्रवारी दुकानं बंद आणि बोटी-बस तुडुंब.

आता कासव. आपो बेट. दाउइनजवळच्या मालातापायहून बांका, म्हणजे दोन्ही बाजूंना बांबूचे हात असलेली लाकडी बोट, अर्ध्या-पाऊण तासात नेते. हिरवी समुद्रकासवं किनाऱ्यालगत गवत खायला येतात, छातीभर पाण्यात. तिथे मासे आणि कासवं टिकली ती आपोआप नाही. दुमागेतेच्या सिलिमन विद्यापीठातले जीवशास्त्रज्ञ एंजेल अल्काला यांनी गावकऱ्यांसोबत बसून बसून पटवलं, आणि १९८० च्या दशकात त्या कोळ्यांनी आपल्याच प्रवाळाचा एक तुकडा मासेमारीला बंद केला. स्वतःच्या ताटातला घास बाजूला ठेवण्यासारखं होतं ते. त्या एवढ्याशा तुकड्यातून मासे वाढून आजूबाजूला पसरले. मी तिथे पाण्यात असताना माझ्या खाली दोन हातांवर एक कासव गवत उपटत होतं. ओढायचं, मान वर करायची, चावायचं, आणि पाठीवर चिकटलेले दोन मासे त्याच्याबरोबर डुलत होते. दर काही मिनिटांनी ते श्वास घ्यायला वर यायचं, तेव्हा 'फुस्स' असा आवाज यायचा. आईंना तो आवाज ऐकू येईल इतकं जवळून दिसेल. फक्त हात लावायचा नाही आणि त्याच्या वर जायच्या वाटेत यायचं नाही.

अमिहानात आपोची वाट उसळते, म्हणून दाउइनला तीन रात्री ठेवल्या आहेत. एका सकाळी नाही जमलं तर दुसऱ्या. तिन्ही सकाळ फुकट गेल्या तर सेबूच्या पश्चिम किनाऱ्यावर मोआलबोआल आहे. ती बाजू या वाऱ्याच्या आडोशाला येते. तिथेही किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर कासवं असतात, आणि चंदेरी सार्डिन माशांचा एवढा थवा की खाली सावली पडते.

तिकिटं: बोहोल आणि सिकिहोरची आठवडाभर आधी काढा, बाकीची बंदरावरच. बंदराची फी वेगळी, वीस-तीस पेसो, सुटे ठेवा. मोठ्या बॅगेचे काही बोटी वेगळे पैसे घेतात. सिकिहोरला जाण्याआधी रोकड काढून घ्या, एटीएम मोजकी आहेत आणि परदेशी कार्डावर दर वेळी २५० पेसोच्या आसपास कापले जातात.

---

केतकी

डेकखालचा काका, तुमचा प्रतिसाद मी प्रिंट काढून ठेवणार आहे.

रानजाई, जेवणाचं मी सांगते, कारण माझ्या सासूबाई कांदा-लसूणही न खाणाऱ्या आणि आम्ही बोहोल-दुमागेते केलंय.

तिकडे "व्हेजिटेरियन" म्हटलं की भाजी देतात, पण भाजीत डुकराचे तुकडे चवीला असतात, किंवा बागोओंग, म्हणजे आंबवलेली कोळंबी. पिनाकबेत दिसायला निव्वळ भाजी, त्यात बागोओंग हमखास. चॉपसुईत ऑयस्टर सॉस. म्हणून "वालाय कार्ने, वालाय इस्दा" म्हणायचं, मांस नाही, मासे नाही. त्याला जोडून बागोओंग आणि ऑयस्टर सॉस नको हे नाव घेऊन सांगायचं. नुसतं "नो मीट" पुरत नाही.

सासूबाईंना लागू पडलं ते: मुंगो, म्हणजे मुगाचं सार, मांसाशिवाय वेगळं करून मागायचं. उतान, हे शेवग्याचा पाला, भोपळा, वांगं घालून केलेलं पातळ. ते करणाऱ्या घरगुती खानावळीतल्या बाईंना आधी सांगितलं तर सुकी मासळी न घालता करून देतात. सकाळी बाजारात बुदबुद मिळतो, नारळाच्या दुधात शिजवलेला चिकट भात केळीच्या पानात गुंडाळलेला. त्याच्याबरोबर सिकवाते, दाट कोकोचं पेय. दुमागेतेच्या बाजारात बाकावर बसून सासूबाईंनी तीन बुदबुद खाल्ले आणि बाईंकडून पान कसं गुंडाळायचं ते हाताने शिकून घेतलं. दोघींना एकमेकींचा शब्द कळत नव्हता, पण पान फाटलं की दोघी एकाच सुरात "आं" करायच्या.

ताहो विकणारा सकाळी दोन डबे खांद्याच्या काठीला अडकवून येतो. मऊ टोफू, गुळाचा पाक, साबुदाणा. मुलाला आवडेल.

आणखी एक: सिनियर सिटिझनची २० टक्के सवलत तिथे सगळीकडे लिहिलेली दिसते, पण ती त्यांच्या नागरिकांसाठी आहे. खिडकीवर मागायला जाऊ नका. मान मात्र सगळ्यांना मिळतो. सासूबाईंना सगळे "नानाय", म्हणजे आई, म्हणायचे, आणि घरमालकिणीच्या नातवाने त्यांचा हात घेऊन कपाळाला लावला. त्याला मानो म्हणतात. आईंना हे आधी सांगून ठेवा, सासूबाई पहिल्यांदा दचकल्या होत्या.

---

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, दोन्या पाझबद्दल वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. आईलाही वाचून दाखवलं. ती म्हणाली, बोट थांबली तर आपण थांबायचं, त्यात काय.

फेब्रुवारीअखेर नक्की. तुमचाच क्रम. मुलाच्या बाईंशी बोलले, त्यांनी आठवड्याचा अभ्यास आधी द्यायचं कबूल केलं.

दोन शंका उरल्या. मुलाला ओस्लोबचे व्हेल शार्क बघायचेत, ते लिलोआनहून सेबूच्या वाटेवरच आहे असं दिसतं. आणि बांकात आई चढणार कशी? व्हिडिओत लोक गुडघाभर पाण्यातून फळीवरून चढताना दिसतात.

---

डेकखालचा

ओस्लोब वाटेवर आहे हे खरं, पण मी थांबणार नाही. तिथे या माशांना रोज सकाळी बोटीतून कोळंबी भरवतात म्हणून ते येतात. एरवी मैलोन्‌मैल भटकणारा जीव एका जागी बांधला जातो, बोटीच्या जवळ यायला शिकतो आणि अंगावर ओरखडे घेऊन फिरतो. मुलाला हे सरळ सांगा. नऊ वर्षांच्या मुलाला नीट कळतं. आपोला कासव कुणी बोलावलेलं नसताना येतं, दोन्हींतला फरक त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसू दे.

बांकात चढायचं असं: नाकाकडून अरुंद फळी टाकतात. दोन माणसं पाण्यात उभी राहून एक लांब बांबू खांद्याच्या उंचीवर आडवा धरतात, तोच कठडा. आईंना बांबू दोन्ही हातांनी धरून आडवं सरकायला सांगा, पाऊल फळीच्या लांबीला आडवं. समोर तोंड करून चालू नये, फळी लवते तेव्हा गुडघ्यावर झटका येतो. चांगला गुडघा वर चढताना पुढे, ऑपरेशनचा उतरताना पुढे. बोटवाल्याला आदल्या दिवशी सांगून ठेवा की नानायसाठी भरतीच्या वेळी निघू. भरतीला बोट किनाऱ्याच्या जवळ येते, फळीचा चढ कमी होतो. पायात मागे पट्टा असलेल्या सॅंडल, चपला नकोत.

बोट लागू नये म्हणून: मोठ्या जलद बोटीत पुढच्या रांगा टाळा. नाक आपटतं तिथे पोट सगळ्यात जास्त वरखाली होतं. मधोमध, खालच्या मजल्यावर, थोडं मागे बसा. नजर खिडकीतून क्षितिजावर. गोळी बोट सुटल्यावर घेऊन उपयोग नसतो, तासभर आधी घ्यायची. तिकडे औषधाच्या दुकानात बोनामीन सुटी मिळते, पण आईंची बाकीची औषधं आणि मुलाचं वय बघून आधी आपल्या डॉक्टरांना विचारूनच काय ते ठरवा. सकाळची पहिली बोट धरा, वारा दुपारकडे चढतो.

सिकिहोरला कांबुगाहाय धबधब्याला शंभराहून जास्त पायऱ्या उतरायच्या आहेत. आईंनी वरच थांबावं. मुलाला तिथला दोरीचा झोका तुम्ही दाखवा. त्याऐवजी आईंना लाझीच्या जुन्या बालेते, म्हणजे वडाच्या जातीच्या, झाडाखाली घेऊन जा. मुळांतून झरा येतो, पाण्यात पाय सोडून बसलं की बारके मासे तळव्यांना टोचतात. ऑपरेशनच्या गुडघ्याला ते गार पाणी फार बरं वाटेल.

---

रानजाई

मुलाला ओस्लोबचं सांगितलं. थोडा वेळ गप्प होता. मग विचारलं, "भरवणं बंद केलं तर ते परत भटकायला जातील का?" मला उत्तर देता आलं नाही, पण ओस्लोब यादीतून त्याने स्वतःच खोडलं.

सेबूची विमानाची तिकिटं आज काढली, परतीच्या आधी दोन रात्री सेबूत. पांगलाओला तळमजल्यावरची खोली मिळाली.

आईने स्नॉर्कलचा मास्क मागवून घेतलाय. आज सकाळी न्हाणीघरातून बराच वेळ काही आवाज नाही म्हणून डोकावले, तर मोठ्या बादलीत तोंड बुडवून नळीतून श्वास घेत बसली होती. मिनिटभराने वर आली आणि म्हणाली, "जमतंय गं. फक्त हसायचं नाही, हसलं की पाणी आत येतं."